पर्वतचित्रातला प्रकाश: पांढरा रंग वाढवूनही धुके का उजळत नाही?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे: जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिखच्या ‘धुक्याच्या सागरापुढचा पथिक’ या चित्राची आपण तैलरंगात अभ्यासप्रत करत आहात, पण टिटॅनियम व्हाइट कितीही वाढवला तरी धुके उजळत नाही, खडू फासल्यासारखे दिसते. यानंतर हिमालयात स्वतः काढलेल्या छायाचित्रावरून मोठे चित्र करण्याचा आपला विचार आहे. त्यासाठी छायाप्रकाशातला विरोध वाढवावा की कॅनव्हासच मोठा घ्यावा, असे आपण विचारले आहे. फ्रीडरिखच्या चित्रात धास्ती आणि आनंद एकाच वेळी जाणवतात आणि आपल्या प्रतीत नुसता एक डोंगर दिसतो, ही आपली खंतही मी लक्षात ठेवली आहे, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

खडूसारखे धुके ही रंगद्रव्याची अडचण आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. ‘नुसता डोंगर’ ही अडचण मात्र अधिक खोल आहे. आपल्या चित्रात प्रेक्षकाच्या नजरेला सगळे अंतर मोजता येत असावे, असा माझा अंदाज आहे. पायाखालचा खडक, पुढची दरी, पलीकडचा उतार आणि शेवटचे शिखर यांच्यामध्ये ती पायरी-पायरीने चालत जाते आणि सुखरूप पोहोचते. स्वच्छंदतावादी चित्रकारांनी, म्हणजे ज्यांना आपण रोमँटिक म्हणतो त्यांनी, पर्वत रंगवताना ही मोजणी बंद पाडली आणि ती बंद पाडण्याचे त्यांचे मुख्य साधन प्रकाश होते. त्यांच्या चित्रांचा अभ्यास आणि प्रती करताना, तसेच विद्यार्थ्यांच्या कामाकडे पाहताना मी ज्या निष्कर्षावर आलो आहे, तो एवढाच आहे. पुढचे सगळे त्याचेच स्पष्टीकरण समजावे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सुरुवातीलाच सांगायला हवे. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो, तैलरंगात तो थरांच्या क्रमातून आणावा लागतो, त्यामुळे इंग्रज चित्रकार टर्नरच्या जलरंगातली युक्ती आपल्या कॅनव्हासवर जशीच्या तशी चालणार नाही. चित्र कोणत्या खोलीत, किती उंचीवर आणि कसल्या उजेडात लागणार आहे, यावरही बरेच ठरते. आपली प्रत मी पाहिलेली नाही, तेव्हा पुढील काही विधाने आपल्या बाबतीत तंतोतंत लागू पडणार नाहीत, हे गृहीत धरावे.

पांढऱ्या रंगाची मर्यादा आधी पाहू. उत्तम पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे नव्वद टक्के उजेड परत पाठवतो आणि काळा रंग तीन-चार टक्के. म्हणजे कॅनव्हासवर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागांमधले प्रमाण फार तर वीस-तीस पटींचे असते. उन्हातला बर्फ आणि खडकाच्या कपारीतला अंधार यांच्यातला फरक याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि दृश्यात सूर्यच असेल तर तुलनाच संपते. निसर्गाइतका उजेड चित्रात आणणे कोणत्याही चित्रकाराला कधीच शक्य झालेले नाही. फ्रीडरिख किंवा टर्नर यांच्याकडे आपल्यापेक्षा अधिक पांढरा रंग नव्हता. होते तेवढे भांडवल कुठे खर्च करायचे आणि कुठे राखून ठेवायचे, याची शिस्त त्यांच्याकडे होती.

या शिस्तीमागे एक वैचारिक पार्श्वभूमी आहे. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ मध्ये उदात्त (भव्यतेने धास्ती आणि आनंद एकाच वेळी देणारे) आणि सुंदर यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा उदात्ताची भावना उजेडापेक्षा अंधारातून अधिक निर्माण होते, असे त्याने मांडले. हिरव्यागार, चकाकत्या गवताने झाकलेला प्रचंड डोंगर हा काळोख्या, उदास डोंगरापुढे या बाबतीत काहीच नाही, आणि निळ्या आभाळापेक्षा ढगाळ आभाळ अधिक भव्य वाटते, असे तो स्पष्टच लिहितो. पण त्याच विवेचनात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि चित्रकाराच्या दृष्टीने ती मला जास्त मोलाची वाटते. डोळ्यांना सहन होणार नाही इतका तीव्र प्रकाश सर्व वस्तू पुसून टाकतो आणि परिणामाने अंधारासारखाच ठरतो, असे बर्कचे म्हणणे आहे. अंधारात दिसत नाही आणि अतिप्रकाशातही दिसत नाही. दोन्ही ठिकाणी वस्तूच्या कडा आणि त्यांच्यामधले अंतर नाहीसे होते. फ्रीडरिखचे धुके आणि टर्नरचे वादळ ही याच दोन वाटांवरची चित्रे आहेत, असे मला वाटते.

आता आपल्या प्रतीकडे येऊ. मूळ चित्र हांबुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात आहे, साधारण १८१८ चे आहे, आणि त्याचा आकार अवघा ९५ बाय ७५ सेंटीमीटर आहे. कॅनव्हास मोठा घ्यावा का, या आपल्या शंकेचे अर्धे उत्तर या मापातच आहे. चित्रातील डोंगर सॅक्सनी प्रांतातल्या एल्ब नदीकाठच्या वालुकाश्मी टेकड्यांच्या वेगवेगळ्या रेखाटनांवरून जुळवलेले आहेत. एका जागी उभे राहून हे दृश्य कोणालाही दिसलेले नाही. अग्रभागी जवळजवळ काळपट तपकिरी खडक आहे, त्यावर पाठमोरी आकृती आहे, आणि या दोघांच्या लगेच पलीकडे धुके सुरू होते. खडकाच्या कडेपासून पहिल्या बाहेर आलेल्या सुळक्यापर्यंत किती अंतर आहे, हे सांगण्यासाठी चित्रात काहीही ठेवलेले नाही. दरीचा तळ नाही, पायवाट नाही, उतारावरची झाडे क्रमाने लहान होत गेलेली नाहीत. दोन्ही बाजूंच्या उतारांच्या रेषा आकृतीच्या छातीपाशी येऊन मिळतात, त्यामुळे नजर पुन्हा पुन्हा तिथे येते, आणि तिथून पुढे जायला मात्र तिला जमीन सापडत नाही. सूर्यही दाखवलेला नाही. धुके स्वतःच उजळल्यासारखे वाटते, कारण उजेड कुठून येतो हे ठरवण्याचे साधन आपल्याला दिलेले नाही.

असे धुके रंगवायचे तर पांढरा रंग जाडसर लावून चालत नाही. फ्रीडरिख अतिशय पातळ थरांत काम करी. त्याच्या पृष्ठभागावर ब्रशच्या खुणा फारशा दिसत नाहीत, आणि आकाशासारख्या उजळ भागांत खालच्या फिकट ग्राउंडचा, म्हणजे कॅनव्हासवरच्या पहिल्या अस्तराच्या थराचा, उजेड वरच्या पातळ रंगातून परत येतो. आपण टिटॅनियम व्हाइट वापरता. हा पांढरा विसाव्या शतकातला आहे. फ्रीडरिखकडे लेड व्हाइट, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा, होता. या दोघांचा फरक केवळ नावाचा नाही. लेड व्हाइटचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे २.० आहे, टिटॅनियमचा २.७ च्या आसपास, आणि जवसाच्या तेलाचा जवळपास १.४८. द्रव्य आणि तेल यांच्या अपवर्तनांकांत जितका फरक अधिक, तितका रंग अपारदर्शक होतो. म्हणून टिटॅनियमचा थोडासा अंशही खालचा थर पूर्ण झाकून टाकतो, उजेड पृष्ठभागावरूनच परत फिरतो, आणि आपल्याला खोली न जाणवता नुसता पांढरा लेप दिसतो. आपण ज्याला खडू म्हणता तो हाच परिणाम आहे.

लेड व्हाइट विषारी आहे, म्हणून घरी काम करणाऱ्या कोणालाही मी तो सुचवत नाही. झिंक व्हाइट अधिक पारदर्शक आहे, पण तेलात त्याचा थर कालांतराने ठिसूळ होतो. माझी स्वतःची पद्धत अशी आहे की टिटॅनियम अगदी कमी घ्यायचा आणि त्यात बारीक चॉक पावडर व जवसाचे तेल मिसळून तो पातळ करायचा. चॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याचा अपवर्तनांक तेलाच्या बराच जवळ असल्याने तेलात ते जवळजवळ पारदर्शक होते, आणि रंग पांढरेपणा न वाढवता अंगाने भरतो. नावाने खडू असलेली वस्तू खडूसारखेपणा घालवायला उपयोगी पडते, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण एका तुकड्यावर करून पाहावे.

त्याहूनही महत्त्वाचा आहे थरांचा क्रम. धुके जिथे खडकाला किंवा सुळक्याला झाकते, तिथे आधी तो खडक गडद, उबदार तपकिरी रंगात पूर्ण रंगवावा, नीट वाळू द्यावा, आणि मग त्यावर वरील पातळ पांढऱ्याचा अगदी विरळ पदर कोरड्या ब्रशने ओढावा, ज्याला आपण स्कंबलिंग म्हणतो. निळा रंग मिसळू नका. तपकिरीवरचा हा विरळ पदर आपोआप थंड, निळसर राखाडी दिसू लागेल. जर्मन कवी गटेने १८१० च्या आपल्या रंगविषयक ग्रंथात याच गोष्टीचे वर्णन केले आहे: उजळलेल्या धूसर माध्यमातून अंधाराकडे पाहिले की तो निळा दिसतो, आणि धूसर माध्यमातून प्रकाशाकडे पाहिले की तो पिवळा, मग तांबूस होतो. दूरचे काळे डोंगर निळे का आणि मावळता सूर्य तांबडा का, याचे कारण हेच आहे. आजचे पदार्थविज्ञान ते हवेतल्या कणांवर प्रकाश विखुरण्याच्या नियमाने सांगते. चित्रात आपण ज्या क्रमाने थर देता तो निसर्गातल्या क्रमासारखा असेल, म्हणजे मागे अंधार आणि पुढे उजळ पडदा, तर रंगही निसर्गासारखाच वागतो. पॅलेटवर निळा, पांढरा आणि काळा एकत्र घोटून तयार केलेल्या राखाडीत हा गुण येत नाही. जिथे धुके मोकळे आणि दूरचे आहे, तिथे मात्र याउलट करावे: फिकट ग्राउंड तसेच राखावे आणि त्यावर अगदी हलका, उबदार थर द्यावा.

प्रकाशाचा उगम लपवण्याविषयी आणखी थोडे लिहितो, कारण आपल्या हिमालयाच्या चित्राला त्याचा थेट उपयोग होईल. फ्रीडरिखने १८०७-०८ मध्ये ‘पर्वतावरील क्रूस’ हे चित्र केले. ते ‘टेट्शेनची वेदी’ या नावानेही ओळखले जाते आणि सध्या ड्रेस्डेनमध्ये आहे. सूर्य डोंगराच्या मागे बुडालेला आहे, त्याचे रुंद किरण खालून वर आकाशात पसरले आहेत, आणि आपल्याकडे असलेली डोंगराची बाजू अंधारलेली आहे. सूर्य आपल्याला दिसत नाही. क्रूसावरील धातूची ख्रिस्तमूर्ती त्याच्याकडे वळलेली असून ती त्याचा उजेड झेलते. बासिलिउस फॉन रामडोर या टीकाकाराने १८०९ मध्ये या चित्रावर कडक टीका केली. निसर्गचित्राला वेदीवर स्थान देण्यालाच त्याचा विरोध होता. शिवाय प्रेक्षक कुठे उभा आहे हे चित्रावरून ठरत नाही आणि हवेमुळे पडणारे अंतर यात पाळलेले नाही, असेही त्याचे आक्षेप होते. रामडोरचे निरीक्षण मला अचूक वाटते, निष्कर्ष पटत नाही. उभे राहण्याची जागा काढून घेणे हाच त्या चित्राचा हेतू आहे, आणि डोंगराची काळी आकृती अंतराच्या पायऱ्यांशिवाय एकदम समोर येते म्हणूनच तिच्यामागचा प्रकाश पोहोचण्यापलीकडचा वाटतो.

मधली भूमी काढून टाकल्याने किती फरक पडतो, हे पाहण्यासाठी एकाच पर्वताची दोन चित्रे शेजारी ठेवावीत. बव्हेरियातील वाट्समान हे २,७१३ मीटर उंचीचे शिखर लुडविग रिश्टर या जर्मन चित्रकाराने १८२४ मध्ये रंगवले आणि फ्रीडरिखने १८२४-२५ मध्ये. रिश्टरच्या चित्रात धबधबा आहे, घर आहे, माणसे आहेत, झाडी आहे. नजर खालून वर एकेक टप्पा घेत चढते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला काहीतरी करमणूक मिळते. चित्र सुंदर आहे, मला ते मनापासून आवडते. फ्रीडरिख मात्र कधी आल्प्समध्ये गेलाच नव्हता. शिखरासाठी त्याने आपला शिष्य आउगुस्ट हाइनरिश याच्या अभ्यासचित्राचा आधार घेतला आणि अग्रभागीचा खडक हार्त्स पर्वतातल्या स्वतःच्या रेखाटनातून आणला. एकही माणूस नाही, प्राणी नाही, घर नाही. पुढचे तपकिरी खडक आणि मागचे बर्फाच्छादित शिखर यांच्यामध्ये धूसर टेकड्यांचा एक पट्टा आहे, आणि तो ओलांडण्याचा मार्ग दाखवलेला नाही. बर्फावरचा उजेड चित्रातला सर्वांत उजळ टोन (उजेड-काळोखाची पातळी) आहे आणि तो इतरत्र कुठेही पुन्हा वापरलेला नाही. त्यामुळे शिखर दिसते तर अगदी स्पष्ट, आणि तरीही ते किती लांब आहे ते कळत नाही.

इथवरचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर: उजळ टोन एकाच ठिकाणी राखावा, त्याचा उगम नजरेआड ठेवावा, आणि अग्रभागापासून त्या उजेडापर्यंत जाणारा रस्ता तोडावा. फ्रीडरिखच्या पद्धतीचा गाभा मला एवढाच दिसतो.

टर्नरची वाट वेगळी आहे आणि ती अधिक अवघड आहे. तो १८०२ मध्ये, इंग्लंड-फ्रान्समधील युद्ध थोडा काळ थांबले असताना, प्रथम स्वित्झर्लंडला गेला. पुढे १८१२ मध्ये त्याने ‘हिमवादळ: हॅनिबल आणि त्याचे सैन्य आल्प्स ओलांडताना’ हे चित्र रॉयल अकादमीत मांडले. सुमारे दीड मीटर उंच आणि जवळजवळ दोन मीटर चाळीस सेंटीमीटर रुंद असलेल्या त्या चित्रात हॅनिबल हा प्राचीन सेनापती शोधावा लागतो. दूरवर हत्तीची एक चिमुकली आकृती तेवढी दिसते. काळ्या वादळाचे मोठे वळण सगळा अवकाश व्यापून आहे आणि त्यातून फिकट, पिवळसर सूर्य निस्तेज दिसतो. सरळ उभी किंवा आडवी म्हणावी अशी रेषा जवळजवळ नाही, त्यामुळे प्रेक्षकाचा तोल सांभाळायला काही आधार राहत नाही. इथे सूर्य लपवलेला नाही, पण त्याची उजळवण्याची ताकद काढून घेतली आहे. उजेड देणारी वस्तू दिसते आणि तिच्यामुळे काहीच स्पष्ट होत नाही, ही भीती फ्रीडरिखमध्ये नाही. हे चित्र खाली, डोळ्यांच्या पातळीला टांगावे असा टर्नरने हट्ट धरला होता. त्यावरून चित्र लावण्याची उंची हा परिणामाचाच भाग आहे, हे त्याला किती ठाऊक होते, ते कळते.

तीस वर्षांनंतर १८४२ मध्ये त्याने लुसर्न सरोवराच्या काठावरून रीगी पर्वताची जलरंगातली चित्रे केली. त्यांपैकी ‘निळी रीगी’ सध्या लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आहे आणि ती जेमतेम ३० बाय ४५ सेंटीमीटरची आहे. सूर्योदयाच्या क्षणी पर्वत प्रेक्षक आणि उजेड यांच्यामध्ये उभा आहे, म्हणून त्याचे सारे अंग एकसंध निळे झाले आहे. खडक, झाडी, घळी यांचा तपशील जवळजवळ नाही, कडा हवेत विरघळते, आणि तिच्यामागचे आकाश पिवळसर उजळत आहे. ‘लाल रीगी’त तोच पर्वत संध्याकाळच्या उजेडात समोरून तांबूस उजळला आहे. दोन्ही चित्रे थोर आहेत, पण विद्यार्थ्यांनी आधी ‘निळी रीगी’चा अभ्यास करावा असे मी सांगतो, कारण समोरून उजळलेल्या डोंगराचा प्रत्येक सुळका आपली हकीकत सांगू लागतो आणि चित्रकाराला ती टाळणे जमत नाही. मागून उजेड असेल तर तपशील आपोआप गप्प होतो.

मोठ्या कॅनव्हासच्या प्रश्नाला अमेरिकन चित्रकारांनी दिलेले उत्तरही पाहण्यासारखे आहे. अल्बर्ट बीरश्टाट १८५९ मध्ये फ्रेडरिक लँडरच्या सर्वेक्षण मोहिमेबरोबर पश्चिमेकडे गेला आणि १८६३ मध्ये त्याने ‘रॉकी पर्वत, लँडर्स पीक’ हे सुमारे १८७ बाय ३०७ सेंटीमीटरचे चित्र पूर्ण केले. त्यात मध्यभागी धबधब्यावर उन्हाचा झोत पडतो, बाजूचे भाग ढगांच्या सावलीत आहेत, आणि अग्रभागी शोशोनी या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांची वस्ती बारकाव्यांसह रंगवलेली आहे. मधली भूमी इथे शाबूत आहे. नजर वस्तीतून पाण्यापर्यंत, पाण्यापासून धबधब्यापर्यंत आणि तिथून शिखरापर्यंत आरामात जाते. भव्यता आहे, पण धास्ती कमी आहे. तो प्रकाश आमंत्रण देतो, जणू पुढची जमीन कोणाची तरी वाट पाहत आहे, आणि ज्या काळात तिथल्या मूळ रहिवाशांकडून जमिनी हिसकावल्या जात होत्या, त्या काळात हे आमंत्रण निरागस मानता येत नाही. चित्रकलेपुरते बोलायचे तर, मोठ्या आकाराने प्रेक्षक चित्राच्या आत जातो, त्यामुळे त्याला आत फिरायला तपशील द्यावा लागतो, आणि तपशील वाढला की अंतर मोजता येऊ लागते. आपल्याला फ्रीडरिखसारखा परिणाम हवा असेल तर पहिले हिमालयाचे चित्र मीटरभर रुंदीच्या आत ठेवावे, असे माझे मत आहे. टर्नरसारखे वादळ करायचे असेल तर मात्र मोठा आकार उपयोगी पडेल, कारण तिथे तोल जाण्यासाठी नजरेचा परीघ भरलेला हवा.

छायाचित्राविषयी एक सावधगिरी घ्यावी. आजचे मोबाइल कॅमेरे सावल्या उजळवतात आणि उजेड आवरतात, त्यामुळे चित्रातला प्रत्येक भाग सारख्याच स्पष्टतेने दिसतो. हे नेमके आपल्याला टाळायचे आहे. शिवाय उंचावर हवा विरळ असते, प्रकाश कमी विखुरतो, म्हणून हिमालयातली दूरची शिखरे आश्चर्य वाटावे इतकी जवळ आणि ठसठशीत दिसतात, आणि आकाश बर्फापेक्षा पुष्कळ गडद असते. होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर हा निसर्गसंशोधक अठराव्या शतकाच्या अखेरीस आकाशाचा निळेपणा मोजण्यासाठी निळ्या छटांची पट्टी घेऊन आल्प्समध्ये फिरत होता, त्यामागे उंचीबरोबर गडद होत जाणारे हेच आकाश होते. मैदानी निसर्गचित्राच्या सवयीने आपण आकाश फिकट केले तर बर्फ उजळूच शकणार नाही, मग पांढरा कितीही असो. आकाश बर्फाच्या दोन-तीन टोन खाली ठेवून पाहावे. उन्हातला दूरचा बर्फ हवेतून येताना निळा अंश गमावतो म्हणून किंचित पिवळसर होतो, तर सावलीतल्या बर्फावर निळ्या आकाशाचा उजेड असतो. हा उष्ण-शीत फरक अगदी थोडा ठेवला तरी पुरतो. आणि विरळ हवेने न दिलेले अंतर आपण ढगाने किंवा डोंगराच्या सावलीने द्यावे. आपल्या छायाचित्रात मधली दरी असेलच. ती सावलीत इतकी बुडवावी की तिचा तळ आहे की नाही याची शंका राहील.

सुरुवात कशी करावी, हे विचारलेत तर तळहाताएवढ्या कागदावर केवळ तीन टोनमध्ये काळ्या-पांढऱ्यात चित्र मांडावे, आणि सर्वांत उजळ टोनला एकूण क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक जागा देऊ नये. फ्रीडरिख मात्र आपल्या चित्रांसाठी असे प्राथमिक आराखडे करत नसे, असे त्याचा मित्र, वैद्य आणि चित्रकार कार्ल गुस्ताफ कारुस याने लिहून ठेवले आहे. अशा तयारीने कल्पना थंड पडते अशी फ्रीडरिखची धारणा होती आणि तो सरळ कॅनव्हासवर रेखाटन करी. पण त्याच्या वह्यांमध्ये प्रत्यक्ष निसर्गातून केलेल्या काटेकोर रेखाटनांचा मोठा साठा होता. तो साठा हाताशी येईपर्यंत आपण आराखडा करावा.

माणसाची आकृती घालावी की नाही, हे मी आपल्यावर सोडतो. तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये लिहिताना सांगितले की अंगावर येणारे कडे, वादळे, ज्वालामुखी आपल्याला उदात्त वाटतात ते आपण सुरक्षित जागी असू तरच. पाठमोरी आकृती ही ती सुरक्षित जागा चित्रात आणते, आपल्या वतीने कुणीतरी कड्यावर उभे राहते. वाट्समानमध्ये फ्रीडरिखने तीही नाकारली. आकृती घातलीत तर ती उजेडाच्या विरुद्ध, गडद आणि कमी तपशिलाची ठेवावी, कारण उजळलेल्या चेहऱ्याची किंवा रंगीत जर्किनची आकृती लगेच मोजपट्टी होते आणि प्रेक्षक तिच्या उंचीवरून डोंगराची उंची काढू लागतो.

शेवटी कामाच्या जागेबद्दल. गेओर्ग फ्रीडरिख केर्स्टिंग या चित्रकाराने आपल्या मित्राची, म्हणजे कास्पार डाव्हिड फ्रीडरिखची, जी कार्यशाळा रंगवली आहे, ती जवळजवळ रिकामी आहे आणि खिडकीचा खालचा भाग बंद करून उजेड फक्त वरून घेतलेला आहे. आपणही उजेड एकाच बाजूने आणि वरून घ्यावा, म्हणजे ओल्या रंगावरची चकाकी टोन ठरवताना फसवणार नाही. दिवस मावळताना, दिवे न लावता, प्रतीकडे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहावे. रंग मंदावतात तेव्हा टोनचे वाटप उघडे पडते, आणि त्या वेळी धुके जर खडकांच्या पुढे येऊन बसलेले दिसले तर त्याचा पदर कडेपाशी अजून विरळ करायला हवा, असे समजावे. तैलरंगातले गडद तपकिरी भाग वाळताना बहुधा मंद आणि करडे पडतात. त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, जास्तीचे तेल कापडाने टिपून घ्यावे आणि गडद रंग आपल्या मूळ खोलीला परत आल्यावरच उजळ भागांविषयी काय तो निर्णय करावा.